मोडी कागद छापण्याआधी

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. अशा ओळीत ‘चारशेरास’ आले, तर ते ‘चारशे रास’ आहे, म्हणजे चारशे घोडे किंवा बैल, की ‘चार शेरास’, म्हणजे चार शेर धान्याला, हे कागद सांगत नाही. ते वाचणारा ठरवतो. पुस्तकात मात्र दोहोंपैकी एकच छापले जाते आणि इथे काही ठरवावे लागले होते, याचा पत्ताही पुढच्या वाचकाला लागत नाही. कागदावर काय आहे आणि आपण काय ठरवले, यांतली सीमा छापील पानावर दिसत राहणे, हे मोडी कागदांच्या संपादनातले खरे काम आहे. बाकी सगळे तपशील त्यासाठीच.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८मध्ये काढला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०मध्ये पुण्यात स्थापन झाले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. एवढे होऊनही पुण्याच्या पुराभिलेखागारात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, तंजावरला आणि गावोगावच्या वाड्यांतल्या पेट्यांत न छापलेला कागद प्रचंड आहे. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायचे काम निघाले, तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्यानंतर बरेच जण मोडी शिकले आणि आपल्या घरचे, गावचे कागद छापावेत असे त्यांना वाटू लागले. ही फार चांगली गोष्ट आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

पहिला नियम: रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेले फडके, सोडला की कागद विषयवार लावायला घेऊ नका. कागद ज्या क्रमाने बांधलेले सापडले, तो क्रम हाच एक पुरावा असतो. तारीख नसलेली यादी कोणत्या दोन पत्रांच्या मध्ये होती, यावरून तिचा काळ पुष्कळदा ठरतो. क्रम मोडला की तो पुन्हा जुळत नाही. म्हणून रुमाल, पुडके, कागद असा तीन पायऱ्यांचा क्रमांक द्या आणि तो मऊ शिसपेन्सिलीने पाठीच्या कोपऱ्यात, मजकुरापासून दूर लिहा. विषयवार मांडणी पुढे संगणकावर हवी तितक्या वेळा करता येते.

घड्या उलगडताना घाई केली तर हातकागद घडीवरच तुटतो. कागद आठवडाभर तसाच सपाट, हलक्या वजनाखाली राहू द्यावा. जुनी काळी शाई काजळ आणि डिंकाची असते. उजेडाने ती फिकी पडत नाही, पण पाण्याने उठते. त्यामुळे ओल्या बोळ्याने पुसणे, वाफ देणे हे प्रकार वर्ज्य. गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांत लोहयुक्त शाई असते आणि तिची अडचण उलटी: ती कागदच खाते, अक्षरांच्या जागी भोके पडतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि कागद लॅमिनेट तर कधीच करू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरात उतरतो. जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ हीच सुरक्षित डागडुजी, तीही जाणकाराच्या हातून.

मग छायाचित्रे. किमान ३००, शक्यतो ४०० डीपीआय, रंगीत, आणि मूळ फाइल टिफमध्ये. कागदाशेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. पाठकोऱ्या दिसणाऱ्या कागदाचीही पाठ टिपा, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. पत्र केव्हा पोहोचले याची ‘पैवस्तगी’ पाठीवर असते. सरकारी पत्राच्या पाठीवर दफ्तरात नोंद झाल्याची ‘बार’ची खूण असते. लांब कागद अनेक बंद, म्हणजे कागदाचे तुकडे, एकमेकांना चिकटवून केलेला असतो आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडावर शिक्का उमटवलेला असतो. नुसती पुढची बाजू पाहून छापलेल्या पत्रात हे सगळे हरवते. शिक्का पुसट असेल तर छायाचित्राचे लाल, हिरवा आणि निळा हे थर वेगळे करून पाहावेत. एखाद्या थरात अक्षरे अचानक स्पष्ट होतात. फाइलच्या नावात रुमाल-पुडके-कागद हाच क्रमांक आणि पुढे ‘मुख’ किंवा ‘पाठ’ असावे. ‘आजोबांचे पत्र नवीन २’ अशी नावे दिलीत तर वर्षभरात तुमची तुम्हालाच ओळखू येणार नाहीत.

वाचनाला बसताना अनोळखी हाताचे, म्हणजे हस्ताक्षराचे, पत्र पहिल्या ओळीपासून वाचायचा हट्ट नको. आधी ठरीव मजकूर शोधा. ‘राजमान्य राजश्री’, ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत असले पाहिजे’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘जाणिजे’, ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’. हे शब्द काय आहेत हे आधीच माहीत असल्यामुळे त्या कारकुनाचा क, र, ज, श कसा असतो हे त्यांतून कळते. छायाचित्रातून ती अक्षरे कापून एक अक्षरतक्ता करा, प्रत्येक हाताचा वेगळा. एकसारखी दिसणारी अक्षरे हातागणिक बदलतात, त्यामुळे छापील मोडी पुस्तकातला तक्ता सुरुवातीला उपयोगी पडतो, पण अवघड जागी कामाचा नाही. एकाच पत्रात दोन हातही असू शकतात. मजकूर कारकुनाचा आणि शेवटच्या ओळी खुद्द धन्याच्या, असे नेहमी आढळते. कोणत्या शब्दापासून हात बदलला याची टीप द्यायलाच हवी. धन्याने स्वतः बोरू हातात घेऊन लिहिलेले पुष्कळदा पत्राचे खरे कारण असते.

संक्षेपांवर मोठा वेळ जातो आणि जायलाच हवा. सु॥ म्हणजे सुहूर सन, नि॥ निसबत (संबंधी), गु॥ गुजारत (मार्फत), बि॥ बितपशील (तपशीलवार). पण प॥ हे कुठे परगणे असते, कुठे पैकी. क॥ कुठे कसबे, कुठे कर्यात (परगण्याचा पोटभाग). संक्षेप फोडून छापायचा असेल तर वाढवलेली अक्षरे गोल कंसात घाला: प(रगणे). फाटलेल्या जागी तुम्ही तर्काने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात. जी वाचताच आली नाहीत तिथे टिंबे, अंदाजे जितकी अक्षरे तितकी, आणि कारण टिपेत: कसर, घडी, डाग की केवळ न लागलेले अक्षर. शंका असलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. कारकुनाने खोडून वर लिहिले असेल तर खोडलेलेही द्या, कारण मसुद्यात काय बदलले गेले हे कधीकधी संपूर्ण पत्रापेक्षा जास्त बोलके असते. हे चार-पाच संकेत प्रस्तावनेत एकदा सांगावेत आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावेत.

ऱ्हस्व-दीर्घाचे काय? मोडीत इकार आणि उकार बहुधा एकेकच. त्यामुळे देवनागरीत आणताना ‘दिन’ की ‘दीन’ हे संपादकच ठरवतो. आजच्या रूढीप्रमाणे लिहायला हरकत नाही. तसे केले आहे हे सांगितले की झाले. शब्दरूपांना मात्र हात लावायचा नाही. ‘जाहाला’चा ‘झाला’, ‘पाठविलें असे’चे ‘पाठवले आहे’ करणे म्हणजे त्या काळची भाषा पुसून टाकणे. काही पत्रांत देवाचे किंवा अत्यंत आदरणीय व्यक्तीचे नाव मजकुराच्या वर लिहून ओळीत तेवढी जागा मोकळी सोडलेली असते. नवखा संपादक तिथे ‘मजकूर गहाळ’ असे लिहितो. कागदाच्या माथ्याकडे पाहिले तर ते नाव तिथे असते.

मायना गाळू नका. जुन्या छापील संग्रहांत जागा वाचवायला मायन्याच्या ठिकाणी पुष्कळदा ‘वगैरे’ किंवा टिंबे आहेत. पण कोण कोणाला ‘आशीर्वाद’ लिहितो, कोण ‘सेवेशी विज्ञापना’ करतो, यावरून त्या वेळची पायरी कळते, आणि ती पायरी बदलली की राजकारण बदललेले असते.

आता तारीख. संपादनातल्या जितक्या चुका पुढच्या पुस्तकांत उतरतात, त्यांत तारखांचा वाटा मोठा आहे, म्हणून इथे सावकाश.

पेशवेकालीन पत्रावर बहुधा ‘छ’ आणि एक आकडा असतो. छ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख. पुढे महिना: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. वर्ष सुहूर सनाचे आणि तेही अरबी शब्दांत, एककापासून सुरुवात करून. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दहाच्या पटीत अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. सबा आणि सबैन, सलास आणि सलासीन, खमस आणि खमसैन यांत शेवटचे एक अक्षर घडीत गेले की वर्ष कुठल्या कुठे जाते.

‘इहिदे सितैन मया व अलफ’ घ्या: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. सुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. आजच्या गणनेत जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे १७६०च्या जूनपासून १७६१च्या जूनपर्यंतचे वर्ष, पानिपतचे. त्या वर्षी जमादिलाखर जानेवारीत येतो. सगळ्या तारखांना ६०० मिळवून मोकळे होणाऱ्याची मृग ते डिसेंबर या काळातली प्रत्येक तारीख वर्षभर पुढे सरकते. फसली हा महसुली सन सुहूरपेक्षा नऊने जास्त असतो. महसुली कागदात नुसता आकडा असेल तर तो कोणता सन हे आधी ठरवा.

यात एक खोच आहे जी फारशी सांगितली जात नाही. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, सुहूर वर्ष सौर, ३६५ दिवसांचे. त्यामुळे एका सुहूर वर्षात हिजरीच्या साधारण ११ तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. ‘छ ५’ नेमकी त्या टप्प्यातली असेल तर जंत्री, म्हणजे तारखा जुळवायची कोष्टके, दोन उत्तरे देईल, वर्षभराच्या अंतराची. निकाल मजकुरातून लावायचा: पेरणीची गोष्ट आहे का, छावणीची आहे का, अमुक माणूस तेव्हा कुठे होता. निकाल लागला नाही तर दोन्ही तारखा छापाव्यात.

पडताळा घ्यायला दोन सोपी हत्यारे आहेत. एक, तिथी आणि चंद्र. चंद्रदर्शन बहुधा प्रतिपदा किंवा द्वितीयेला होते, म्हणून शुद्ध अष्टमीला छ ६ किंवा ७ असायला हवे. पत्रात शुद्ध अष्टमी आणि छ १७ असे दोन्ही दिसले, तर दोहोंपैकी एक चुकीचे वाचले आहे. दोन, वार. पानिपतची तिथी पौष शुद्ध ८ शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. तिथी, वार, इंग्रजी तारीख तिन्ही जुळतात तेव्हाच तारखेवर भरवसा ठेवावा. शकाला ७८ मिळवायचे, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. वरचेच उदाहरण पाहा: १६८२ अधिक ७९. राज्याभिषेक शकाचे वर्ष चैत्रात बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध १३ला बदलते. उत्तरेकडच्या पत्रांत महिने पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे असतात, तिथे आपल्या वद्य पक्षाचा महिना एकाने पुढे असतो. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री लिहिलेल्या पत्रात एका दिवसाचा फरक राहू शकतो आणि तो तसाच मान्य करावा.

परदेशी कागदांशी जुळवताना आणखी एक खड्डा. पोर्तुगिजांनी नवी (ग्रेगोरियन) गणना १५८२मध्येच घेतली, इंग्रजांनी १७५२मध्ये. १६८३च्या फोंड्याच्या वेढ्याबद्दल गोव्याचा कागद आणि इंग्रज वखारीचे पत्र समोरासमोर ठेवले तर एकाच दिवसाच्या तारखांत १० दिवसांचे अंतर पडते. १७००नंतर ११ दिवसांचे. त्यातून इंग्रजांचे वर्ष १७५२पूर्वी २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चच्या पत्रांवर मागचे साल असते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या गणनेची. नव्या गणनेने ती १६ जून. तुमच्या पुस्तकात कोणती गणना आहे हे पहिल्याच पानांत सांगा. आणि मूळ तारीख जशीच्या तशी छापून शेजारी रूपांतर द्या. मूळ गाळून नुसते रूपांतर छापले तर तुमची चूक दुरुस्त करायची वाटच बंद होते.

आकड्यांत उभ्या रेघा म्हणजे चतुर्थांश. । पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण. आडव्या रेघा म्हणजे आणे, एक, दोन, तीन. ‘१२॥=’ हे बारा रुपये दहा आणे: अर्धा रुपया म्हणजे आठ आणे आणि वर दोन. हीच ॥ खूण संक्षेपाचीही असल्यामुळे ‘रु॥ १२॥=’ मध्ये पहिली वेगळी आणि दुसरी वेगळी. संगणकावर ‘शोधा आणि बदला’ चालवून ॥ काढून टाकले की सगळ्या रकमांचे अर्धे रुपये जातात. हे होते, आणि कळतही नाही.

हिशेबी कागदात प्रत्येक वेळी बेरीज करून पाहा. जुळली नाही तर बहुतेक वेळा आपले वाचन चुकलेले असते. दोनदा वाचूनही जुळली नाही तर मूळ आकडा तसाच ठेवून टिपेत लिहा. हिशेबाची मांडणीही जपा. कोणती रक्कम कोणत्या रकमेच्या पोटात आहे हे समासापासूनच्या अंतरावरून कळते. सगळे एका ओळीत ओतले तर वाचणारा तीच रक्कम दोनदा मोजतो. मापांचे किलोत रूपांतर मजकुरात करू नका. २० मणांची खंडी असते हे खरे, पण मण आणि शेर प्रांताप्रांतात बदलतात. नाणेही नोंदवा: होन, चांदवडी, मलकापुरी, अंकुशी यांचे भाव वेगळे आणि बट्टा, म्हणजे नाणे बदलताना होणारी वजावट, वेगळा.

खरेखोटेपणा. वतनाच्या भांडणांत बनावट कागद सर्रास झाले, त्यामुळे ‘घरात आहे म्हणून अस्सल’ असे धरता येत नाही. शिक्का काळाशी जुळतो का, हे आधी पाहा. पेशव्याच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव असते: ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’, मग पेशव्याचे नाव आणि ‘प्रधान’. शाहू महाराज डिसेंबर १७४९मध्ये वारले आणि पुढे शिक्क्यात ‘राजाराम नरपति’ आले. माधवराव बल्लाळांच्या, म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या, कागदावर शाहूंचे नाव दिसले तर थांबून विचार करायचा. सवाई माधवरावांच्या वेळी मात्र पुन्हा ‘राजा शाहू’ दिसेल, कारण ते धाकटे शाहू. अस्सल, नक्कल की मसुदा, हे प्रत्येक कागदाच्या मथळ्यात लिहा. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे; फक्त तिच्यातली चूक कोणाची हे सांगता येत नाही.

सूची करताना मराठी नावे फार दमवतात. पत्रांत आडनावे क्वचितच येतात. बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणीस, विसाजी कृष्ण म्हणजे बिनीवाले, त्रिंबकराव विश्वनाथ म्हणजे पेठे, भाऊसाहेब म्हणजे सदाशिव चिमणाजी. एकाच माणसाच्या चार नोंदी झाल्या तर शोधणाऱ्याला चौथा भागच सापडतो. प्रसिद्ध नावाखाली मुख्य नोंद करा आणि बाकीच्या नावांवरून तिकडे पाठवा. दोन माणसे एकच आहेत याची खात्री नसेल तर मात्र जोडू नका. गावांचेही तसेच. वडगाव, पिंपळगाव किती आहेत? परगणा मूळ कागदातला द्या, आजचा तालुका खात्री असेल तरच.

छपाईची तयारी करताना शब्दतपासणी आणि आपोआप दुरुस्ती दोन्ही बंद ठेवा, नाहीतर यंत्र ‘जाहाला’चा ‘झाला’ करून ठेवते. मजकूर युनिकोडमध्येच टंका. छापखान्याने जुन्या फाँटमध्ये फिरवला तर दंड, ‘ऱ्या’ आणि कंस सगळ्यात आधी बिघडतात, म्हणून फिरवल्यानंतरचे पहिले प्रूफ फक्त एवढ्याच गोष्टींसाठी वाचा. ‘१२॥=’ ओळीच्या शेवटी तुटू नये म्हणून आकडा आणि खुणा यांच्यात मोकळी जागा नको; ‘रु॥’ नंतर न तुटणारी जागा घाला. मोडी लिपी २०१४पासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे नमुन्याची ओळ मोडीतच छापता येते, पण छायाचित्राची सर तिला नाही. प्रत्येक हाताचे निदान एक पान छायाचित्रासह द्या.

मूळाशी ताडून पाहायचे काम एकट्याने करू नका. एकाने छापील मजकूर मोठ्याने, कंस आणि रेघांसकट वाचायचा, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे. मग जागा बदलून पुन्हा. ज्याने लिप्यंतर केले त्याने मूळ कागद धरू नये, कारण त्याला तिथे आपण आधी वाचलेलेच दिसते. आकडे आणि तारखा तिसऱ्या फेरीत वेगळ्या तपासा. पुस्तक निघाल्यावर छायाचित्रांचा एक संच एखाद्या दफ्तरखान्यात किंवा संशोधन मंडळात ठेवा आणि प्रत्येक पत्राच्या मथळ्यात त्या छायाचित्राचा क्रमांक छापा, म्हणजे ‘चारशे रास’ पटली नाही तर वाचकाला त्या ओळीपर्यंत जाऊन स्वतः पाहता येईल.